दोन कळांच्या मधलं दुखणं

बाळंतपणाच्या कळा कशा असतात हे मला नात्यातल्या, ऑफिसातल्या, सोसायटीतल्या बायकांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की ऐकून ऐकून मीच ते कुणाला तरी सांगू शकले असते. कळ येते, चढते, पोट कडक होतं, मग उतरते, आणि पुढची येईपर्यंत बाई चक्क गप्पा मारू शकते. पुण्यात आम्ही नवरा-बायको ज्या वर्गाला जायचो, तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंचा सगळा भर या मधल्या वेळावर होता. कळ गेली की खांदे सोडा, जबडा सोडा, घोटभर पाणी घ्या, डोळे मिटा. मध्ये जी विसावा घेते तिच्यात शेवटी जोर उरतो, असं त्या दर वेळी सांगायच्या. बरोबरच सांगायच्या. फक्त माझ्या वाट्याला ते मधलं काही आलंच नाही. कळ यायची आणि जायची, पण कंबर धरलेली ती धरलेलीच.

डोहाळजेवण झाल्यावर मी मिरजेला माहेरी आले होते. जानेवारी होता, संक्रांतीची हळदीकुंकवं चालू होती, त्यामुळे रोज संध्याकाळी घरात बायका, आणि वाण हातात पडलं की प्रत्येकीचं लक्ष माझ्या पोटाकडे. कुणी म्हणायचं पोट उतरलंय, कुणी म्हणायचं छे, अजून वर आहे. एक काकू तर चमचाभर एरंडेल द्या म्हणून आईच्या मागे लागल्या होत्या. डॉक्टरबाईंनी त्याला साफ नाही म्हटलं होतं, म्हणून वाचले. पण सगळ्यांचं एकमत असलेली एक खूण होती: नुसतं ओटीपोटात दुखलं तर त्या खोट्या कळा, कंबरेतनं निघून पुढं आली तर ती खरी. हे काही खोटं नाही, डॉक्टरही साधारण असंच विचारतात. पण माझी कंबर शेवटचे आठवडे रोजच दुखत होती, त्यामुळे मला या खुणेचा काडीचा उपयोग नव्हता. दुखणं ठरावीक अंतरानं येतंय का, अंतर कमी होत चाललंय का आणि चालल्यावर थांबतंय की वाढतंय, एवढंच बघा, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. शिवाय 37 आठवड्यांच्या आत कंबर अशी लयीत दुखायला लागली असती तर वाट न बघता यायचं, हेही आधीच बजावून ठेवलं होतं.

सोनोग्राफीच्या कागदावर ‘सिफॅलिक’ असा शब्द होता. म्हणजे डोकं खाली. आमच्या घरात तो शब्द वाचून पेढे वाटायचेच बाकी होते, कारण आईच्या एका मावशीचं बाळ पायाळू होतं आणि त्या बाळंतपणाच्या कहाण्या आम्ही लहानपणापासून ऐकल्या होत्या. डोकं खाली आहे, मग आता काळजी कसली? डोकं खाली असलं तरी तोंड कुठल्या बाजूला आहे, असाही एक प्रश्न असतो हे कुणाच्या गावीही नव्हतं. आणि विचारला असता तरी त्याचं उत्तर तेव्हा फारसं कामाचं नसतं, कारण बाळ शेवटपर्यंत फिरत राहतं. सोनोग्राफीत जे दिसतं ते त्या दिवसापुरतं.

39 आठवडे होऊन गेले होते. रात्री जेवणं उरकून मी आडवी झाले आणि कंबरेत, अगदी खाली, काहीतरी रुतल्यासारखं झालं. कूस बदलली, तरी तसंच. पोट अधूनमधून कडक होत होतं, पण पोटात म्हणावं असं दुखत नव्हतं, सगळं मागंच. कळ आली की ते रुतणं वाढायचं आणि कळ गेली की निम्म्यावर यायचं. शून्यावर कधीच नाही. नवऱ्यानं पुण्याहून निघायच्या आधी फोनवर कळांचं ॲप उघडलं आणि मला विचारायला लागला, ‘सुरू कधी झाली, संपली कधी?’ संपली कधी हे मला सांगताच येईना. चिडून मी फोन आईकडे दिला.

डॉक्टरबाईंना फोन केला तर त्यांनी पटापट प्रश्न विचारले. रक्त जातंय का? पाणी गेलंय का, गेलं असेल तर रंग काय? बाळ नेहमीसारखं हलतंय का? ताप, लघवीला जळजळ? दुखणं कमी-जास्त होतंय की पोट सतत कडकच राहिलंय? नंतर मला कळलं की हे प्रश्न उगाच नव्हते. पोट एकसारखं कडक राहून न थांबता दुखत असेल आणि रक्त जात असेल, तर वार (प्लॅसेंटा) वेळेआधी सुटत असण्याची शक्यता असते आणि तिथं एक मिनिटही घालवायचं नसतं. कंबरेच्या कळांमध्ये मधलं दुखणं राहतं खरं, पण पोट मात्र कळ गेली की मऊ पडतं. हा फरक हात लावून कळतो. आईनं लावून पाहिला. मऊ होतं.

तरी मनाची समजूत म्हणून रात्रीच जाऊन आलो. तपासणीत गर्भपिशवीचं तोंड जेमतेम एक बोट उघडलेलं. ठोके व्यवस्थित. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘इथं पडून राहायचं तर राहा, पण घर जवळ आहे, घरी जाऊन हिंडा-फिरा, खा. पहिलटकरणीचा हा सुरुवातीचा काळ बराच लांबतो.’ हल्लीची पद्धतही तशीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या सूचनांनुसार तोंड 5 सेंटीमीटर उघडल्यापासून पुढं खऱ्या अर्थानं प्रसूतीचा वेगाचा टप्पा मोजतात, त्याआधीच्या काळाला घड्याळ लावत नाहीत. हे कागदावर वाचायला सोपं आहे. कंबरेत ते सगळं चालू असताना ‘अजून सुरूच झालेलं नाही’ हे ऐकणं म्हणजे शिक्षाच.

पण घरी आलो ते बरं झालं. कारण जे काही उपयोगी पडलं ते मला घरीच सापडलं.

पहिलं म्हणजे आडवं पडायचं नाही, निदान उताणं तर नाहीच. पाठीवर पडलं की बाळाचं सगळं वजन मागच्या हाडावर यायचं आणि दुखणं दुप्पट. उभं राहून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कोपरं टेकवून पुढं वाकलं की बरं वाटायचं. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उलटं, पाठीकडे तोंड करून बसलं की बरं वाटायचं. सगळ्यात बरं सतरंजीवर हात-गुडघे टेकून. योगाच्या वर्गात ज्याला मार्जारासन म्हणतात तसं, पण पाठ वर-खाली करत न बसता नुसतं कंबर झुलवत. या स्थितीत पोट खाली लोंबतं आणि बाळाचं डोकं मणक्याच्या बुडावरून थोडं दूर होतं. असं केल्यानं बाळ फिरतं असं बायका छातीठोकपणे सांगतात. त्याची खात्री देता येत नाही, आजवरच्या अभ्यासांतही ते नीट सिद्ध झालेलं नाही. पण प्रसूतीच्या वेळी पाठदुखी त्यानं कमी होते हे मात्र अभ्यासांतही दिसलंय, आणि मला तेवढंच हवं होतं.

पहाटे आईनं बंब पेटवला. गीझर आहे आमच्याकडे, पण त्या दिवशी तिला बंबच पेटवायचा होता, आणि मी त्यावर वाद घालण्याच्या अवस्थेत नव्हते. न्हाणीघरात मला पाटावर बसवलं, पुढं बादली पालथी घालून तिच्यावर हात ठेवायला लावले आणि पाठीमागून तांब्यानं कंबरेवर गरम पाण्याची धार धरली. आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघायची, मग माझ्यावर. कळ आली की धार न तोडता तांब्यामागून तांब्या. बाहेर थंडी, आत वाफ, आणि पहिल्यांदाच ते मधलं दुखणं इतकं खाली आलं की मला बसल्या बसल्या पेंग आली. जिथं शॉवर असतो तिथं शॉवरखाली बसवतात म्हणे. पण धार एका जागी पडायला तांब्याच लागतो असं आता माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे वहिनींचा हात.

आईच्या बोटांत संधिवात. ती चोळायची, पण चोळल्यानं मला उलट वैताग यायचा, कातडी हुळहुळायची आणि आतलं दुखणं तसंच. नवरा सकाळी पोचला. त्याला वर्गात शिकवलं होतं, पण ‘जास्त जोर लावला तर काही होणार नाही ना?’ म्हणत तो असा दाबायचा की बटण दाबतोय की काय. मग वहिनी आल्या. आमच्या वहिनी रोज दोन्ही वेळच्या भाकऱ्या थापतात, घरात आठ माणसं. भाकरी थापताना तळहाताचा मनगटाजवळचा जो गादीसारखा भाग असतो तो त्यांनी माझ्या कंबरेवर टेकवला आणि विचारलं, ‘ताई, इथं? का खाली?’ खाली. ‘इथं?’ अजून खाली. परकराची नाडी जिथं बसते तिथून चार बोटं खाली, दोन्ही बाजूंना ज्या खळ्या दिसतात त्यांच्या मधोमध, माकडहाडाच्या वर जे सपाट हाड असतं, तिथं. त्या जागेवर हात पडला आणि मी ‘हां’ म्हणाले. बास, पुढं तो हात तिथून फारसा हलला नाही.

कोपर सरळ ठेवून, खांद्याचं सगळं वजन देऊन, न चोळता, न हलवता, कळ चढायला लागल्यापासून उतरेपर्यंत तसंच दाबून धरायचं. एवढंच. पण जोर किती लागतो याची कल्पना बघणाऱ्याला येत नाही. नवरा बाजूला उभा राहून घाबरत होता आणि मी ओरडत होते, ‘अजून! अजून जोरात!’ वहिनींचा हात भरून आला की त्या मुठीनं दाबायच्या, मग लाटणं आडवं धरून दोन्ही हातांनी. तेही चाललं. नवऱ्यालाही शेवटी एक काम जमलं. मी पुढं वाकलेली असताना मागं उभं राहून दोन्ही तळहातांनी कुल्ल्यांच्या बाहेरच्या बाजू एकमेकींकडे आणि किंचित वर दाबायच्या. त्यानं मागचं हाड उघडल्यासारखं वाटायचं. हे काम पुरुषाच्या पंजांनाच शोभतं, त्याचे पंजे मोठे आहेत. आणि मध्ये, कळ नसताना, गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून त्याच जागी. कळेला दाब, मध्ये शेक. वर्गातल्या बाई ज्याला विसावा म्हणायच्या तो मला असा वरून ओढून आणावा लागला.

दुपारी पुन्हा दवाखान्यात गेलो आणि दाखल झालो. तिथं लेबर रूममध्ये एकाच बाईमाणसाला थांबायची परवानगी होती. नवऱ्याला नाहीच. सरकारी रुग्णालयांतसुद्धा आता प्रसूतिगृहं सुधारायच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाखाली सोबतीला माणूस ठेवायला सांगितलंय, पण बऱ्याच ठिकाणी ते माणूस बाईच असावं लागतं, कारण एकाच खोलीत दोन-तीन जणी असतात. आईनं बाहेर बसायचं आणि वहिनींनी आत यायचं असं मी ठरवलं. आईला ते लागलं असणार. तिनं दाखवलं नाही, वहिनींच्या पिशवीत लाटणं मात्र आठवणीनं घातलं.

आत गेल्यावर पहिलं काय, तर उताणं झोपवून पोटाला पट्टे बांधले. एनएसटी म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढायचा होता. मी म्हटलं, पाठीवर मला जमणार नाही. तिथल्या एक सिस्टर दुसरीला म्हणाल्या, ‘पहिलटकरीण ना, आत्ताच एवढं करतेय, पुढं काय करणार!’ मला इतका राग आला की काही क्षण कंबर विसरले. वहिनींनी मात्र शांतपणे विचारलं, ‘सिस्टर, कुशीवर झोपून पट्टा बसत नाही का?’ बसतो. अगदी व्यवस्थित बसतो. डावीकडे कुशीवर झोपून काढलेला आलेख काही वेगळा येत नाही. ठोके मिनिटाला 110 ते 160 मध्ये पाहिजेत, ते 140 च्या आसपास होते. हे विचारायला पाहिजे हे लक्षात ठेवा. तुम्ही नाही विचारलं तर सोबतच्या बाईनं विचारलं पाहिजे, कारण आपल्याला त्या वेळी शब्द फुटत नाहीत.

डॉक्टरबाईंनी तपासलं तेव्हा कोडं उलगडलं. बाळ उताणं होतं. म्हणजे डोकं खालीच, पण त्याची पाठ माझ्या पाठीला लागलेली आणि तोंड माझ्या पोटाकडे. बोटांना टाळू जिथं लागायला नको तिथं लागत होती. केसपेपरवर त्यांनी ‘आर. ओ. पी.’ लिहिलं. डोक्याचा मागचा, सगळ्यात टणक भाग माझ्या उजव्या बाजूला मागं, त्या सपाट हाडावर. प्रत्येक कळेला हाडावर हाड. कळ गेली तरी डोकं तिथून उठून कुठं जात नाही, म्हणून दुखणंही जात नाही. मी सांगत होते ते अगदी जसंच्या तसं खरं होतं, आणि त्याला शरीरात जागा होती. हे ऐकून मला रडू आलं, दुखण्यानं आलं नव्हतं तेवढं.

पुढचं त्यांनी नंतर, घरी सोडायच्या दिवशी, औषधाच्या चिठ्ठीच्या मागं चित्र काढून समजावलं, पण इथंच सांगते. बाळ पालथं असलं, म्हणजे त्याचं तोंड आईच्या पाठीकडे असलं, की ते हनुवटी छातीला टेकवतं आणि डोकं 9.5 सेंटीमीटरच्या मापानं वाटेत शिरतं. उताण्या बाळाची मान तेवढी वाकत नाही, मग तेच डोकं 11.5 च्या आसपासचं होतं. माप दोनच सेंटीमीटरनं वाढतं, पण वाट तीच. म्हणून वेळ लागतो, कळा कधी एकाला लागून एक येतात, कधी मध्येच थंडावतात. प्रसूती सुरू होताना शंभरातली 15-20 किंवा त्याहून जास्त बाळं अशी असतात, पण बहुतेक वाटेत स्वतःच फिरतात. जन्माला येईपर्यंत तशीच राहणारी शंभरात 5 च्या आसपास. फिरायचं म्हणजे थोडंथोडकं नाही, 135 अंश. आणि एक गोष्ट त्यांनी मुद्दाम सांगितली: कंबरेत कळा येणाऱ्या प्रत्येकीचं बाळ उताणं असतंच असं नाही. गर्भाशयाच्या खालच्या भागाच्या आणि कंबरेच्या संवेदना एकाच मज्जारज्जूच्या पट्ट्यात पोचतात, त्यामुळे बाळ अगदी हवं तसं असूनही काहींचं सगळं दुखणं मागं जातं. उलट उताणं बाळ असून कंबर अजिबात न दुखलेल्याही असतात. तेव्हा कंबर दुखली की बाळ उताणं, असा निष्कर्ष घरी बसून काढू नये.

आता दुखणं कमी करायच्या औषधांबद्दल. एपिड्यूरल म्हणजे पाठीतून द्यायची भूल, आणि कंबरेच्या कळांना तिच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. मी मागितली. पण त्यासाठी भूलतज्ज्ञ लागतात, ते तिथं सिझेरियन असलं की बोलावल्यावर येत आणि त्या संध्याकाळी दुसरीकडे अडकले होते. मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत चोवीस तास असतात, जिल्ह्या-तालुक्याच्या ठिकाणी हे आधी विचारून ठेवावं लागतं. मग ट्रामाडॉलचं इंजेक्शन मिळालं. त्यानं दुखणं गेलं नाही, पण मला त्याच्यापासून थोडं लांब नेऊन बसवलं, आणि दोन कळांच्या मध्ये मी खरोखर झोपले. त्याबरोबर मळमळ आली, तीही सोसली. माझी मावसबहीण मेलबर्नला मिडवाइफ आहे. तिनं नंतर सांगितलं की त्यांच्याकडे अशा वेळी कंबरेवर चार ठिकाणी कातडीत अगदी थेंबभर, 0.1 मिलिलिटर, निर्जंतुक पाणी टोचतात. औषध नाही, नुसतं पाणी. टोचताना अर्धा मिनिट गांधीलमाशी चावल्यासारखी आग होते आणि मग तास-दीड तास कंबर बरीच हलकी राहते. मी डॉक्टरबाईंना विचारलं, त्यांना माहीत होतं, पण आमच्याकडे सवयीचं नाही म्हणाल्या.

रात्री सगळ्यात अवघड भाग आला, आणि त्याबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं. पिशवीचं तोंड आठ सेंटीमीटरवर होतं आणि मला जोराची शौचाला लागली. डोकं मागच्या बाजूला दाबत असल्यामुळे उताण्या बाळात ही भावना वेळेच्या आधीच येते. तेव्हा जोर लावायचा नाही. लावला तर पिशवीच्या तोंडाची पुढची कड डोक्याखाली सापडून सुजते आणि काम आणखी लांबतं. सगळं शरीर खाली ढकलतंय आणि तुम्हाला मात्र ढकलायचं नाही. वर्गात शिकलेल्या श्वासांपैकी एकच इथं कामाला आला: मेणबत्तीवर फुंकर घातल्यासारखे छोटे छोटे उच्छ्वास. वहिनी माझ्या तोंडासमोर तोंड आणून माझ्याबरोबर फुंकत होत्या आणि मागं हात घालून दाबतही होत्या. मधल्या एका कळेला मी त्यांच्या दंडाला कडकडून चावले. तो वळ पुढं कितीतरी दिवस त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होत्या.

सिझेरियनचा विषय तोपर्यंत निघालाच होता. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, ‘बाळाचे ठोके चांगले आहेत, तोंड उघडत चाललंय, तोवर मी वाट बघणार. यातलं एक जरी बिघडलं तर थांबणार नाही.’ मला ते आवडलं. मी सहीचा कागदही वाचून ठेवला होता. कळा मंदावल्या म्हणून ऑक्सिटोसिनची सलाईन लावली आणि मला कुशीवर वळवून दोन गुडघ्यांच्या मध्ये दुलईची जाड गुंडाळी ठेवली, वरचा पाय पुढं. एका कुशीवर बराच वेळ, मग दुसऱ्या. पाणमोट त्यातच कधीतरी फुटली, पाणी स्वच्छ होतं.

नेमकं कधी झालं सांगता येणार नाही, पण पहाटेच्या सुमारास एक कळ आली आणि गेली. आणि कंबर रिकामी झाली. मी वहिनींना म्हटलं, ‘हात काढा.’ त्यांना वाटलं माझं काही बिनसलं. पुढची कळ पोटात आली, पुढून, सगळ्या बायका सांगतात तशी. डॉक्टरबाईंनी तपासलं, पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं होतं आणि बाळाचं डोकं अर्धं फिरून तोंड बाजूला आलं होतं. उरलेलं वळण त्यांनी कळेच्या जोरावर हात आत घालून पुरं केलं. त्याचं वर्णन करत नाही, थोडक्यात आटपलं एवढंच म्हणते. मग जोर लावायला सुरुवात. पहिलटकरणीला या टप्प्यात तीन तासही लागू शकतात, मला तेवढे लागले नाहीत. टाके पडले. मुलगी झाली, डोकं वरून लांबुळकं, ते आठवड्याभरात गोल झालं. वार पडली तेव्हा मी आईनं पाठवलेला गूळ-तुपाचा शिरा मागत होते.

बाळाबरोबर कळा संपतात, पण त्या हाडाचं भांडण मिटायला वेळ लागतो. माकडहाड इतकं ठेचल्यासारखं झालं होतं की मांडी घालून बसणं सोडाच, पलंगाच्या कडेलाही टेकवेना. आईनं जुन्या सुती लुगड्याची भली मोठी चुंबळ वळून दिली, हंड्याखाली ठेवतात तशी, पण माझ्या मापाची. तिच्यावर बसलं की माकडहाड अधांतरी राहायचं. पाजायला कुशीवर झोपूनच पाजायचे. मालिशवाल्या बाई आल्या त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, हाड बसवून देते. वहिनी मध्ये पडल्या. डॉक्टरबाईंनीही काही आठवडे त्या जागेला हात लावू देऊ नका, नुसता शेक द्या म्हणून सांगितलं. दोन महिन्यांत बरंच ओसरलं. पायात मुंग्या, बधिरपणा किंवा लघवीवर ताबा नसणं, यातलं काहीही असतं तर मात्र लगेच दाखवायला सांगितलं होतं. तसं काही झालं नाही.

सव्वा महिन्यानं दाखवायला गेले तेव्हा मी विचारलं, पुढच्या वेळी पुन्हा असंच होणार का? डॉक्टरबाई म्हणाल्या, होईलच असं नाही. दुसऱ्या वेळी बाळाला फिरायला जागा सोपी जाते आणि सगळंच लवकर आटपतं. वार पुढच्या भिंतीला असली तर बाळं अशी जास्त बसतात असं काहींना दिसलंय, माझी पुढंच होती, पण तो काही नियम नाही. मग चष्मा काढून म्हणाल्या, ‘एवढं करा, नवव्या महिन्यातच भूलतज्ज्ञांशी बोलून ठेवू या.’ त्यांनी नंबर दिला. दुसऱ्या बाळाचा आमच्या घरात अजून विषय नाही, नंबर मात्र मी तिथंच सेव्ह केला.